जास्तीचं अर्धा लिटर दूध

३ नोव्हेंबर, सोमवार

दिला राजीनामा! विहाराच्या पायरीवरच, देवमन काकाच्या हातात. तेच कमिटीचे अध्यक्ष.

तीन वर्षं विहारातली अभ्यासिका मी चालवली. किल्ली माह्याकडं, हजेरी माह्याकडं, पंखा बिघडला तर वायरमनच्या मागं पळणं माह्याकडं. अन् काल कमिटीनं परस्पर बोर्ड लावला — मुलींसाठी वेळ सहापर्यंत. मले विचारलं? नाही! दिवसभर कापूस वेचून पोरी साडेसहाले येतात. त्याईनं अभ्यास कवा करायचा?

काकानं कागद खिशात घातला. "बसून बोलू," म्हणे.

बोलतीलच. आमच्या गावात राजीनामा असाच असते. कोणी दिला की संध्याकाळी कमिटी घरी येते, चहा पिते, "तुमच्याशिवाय कोण?" म्हणते. आपण नाही-नाही म्हणायचं. मंग मागतलेलं मिळते. खुद्द काकानं तीनदा दिला, तीनदा वापस घेतला. तिसऱ्या टायमाले विहारात नवा माइक आला! तवा मनवाले मीपण गेली होती.

आईले सांगतलं, अर्धा लिटर दूध जास्त आण. पाच-सहा जण येतील.

४ नोव्हेंबर

काल कोणी आलं नाही.

संध्याकाळी आई दूध आणाले गेली ते उशिरा आली. आल्या आल्या विरजण लावलं! म्हणलं, थांब ना, येतील आता. तिनं दुधाचा गंज झाकला.

५ नोव्हेंबर

आज दूध मीच आणलं. त्याचंही दही झालं.

रस्त्यात धम्मरत्न भेटला. माह्या जागी तोच येणार, असं पोरं म्हणतात. गाडी थांबवून म्हणे, "ताई, किल्ली कवा देता?" काहून सोडलं, एवढं तरी विचार ना बाप्पा! तेही नाही.

७ नोव्हेंबर

आईले म्हणलं, मीच जाऊ का काकाकडं? एकदम खेकसली — "राजीनामा देल्यावर आपणहून जात नसतात. लोक हसतात."

बरोबर आहे. तशी रीतच आहे. नाही गेली.

९ नोव्हेंबर, रविवार

वंदना झाल्यावर माहा सत्कार! शाल, गुलाबाचं फूल, पेन. "जड अंतःकरणानं राजीनामा स्वीकारून राह्यलो," काका माइकवर म्हणे. त्याच माइकवर! माह्याकडं पाह्यलंसुद्धा नाही. तीन वर्षं अन् एक पेन. रडू येऊन राह्यलं होतं, पण याईच्यासमोर रडीन काय? किल्ली टेबलावर ठेवली.

बारावीतली रंजीता दारात आडवी आली. "ताई, मंग आमच्या टाइमाचं काय?" काय सांगू तिले! तिच्यासाठीच तर देला होता.

अन् आई? पुढं बसून टाळ्या वाजवून राह्यली होती! घरी येऊन भांडली मी. "तुले काहीच वाटत नाही का वं?" तिनं भाकर थापता थापता एवढंच म्हणलं, "आता सकाळपासून अभ्यासाले बसत जाय." भरतीची परीक्षा माही दोनदा हुकली. गेल्या वेळी दोन मार्कांनी. ते दोन मार्क तिच्या मनातून जात नाहीत.

१२ नोव्हेंबर

शाल पेटीत फेकली. लेबलासकट.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

स्टँडवर वाशीमच्या गाडीची वाट पाहून राह्यली होती. काका दिसले. मी तोंड फिरवलं. तेच जवळ आले.

"किती दिवस फुगून राह्यशील, पोरी? त्याच संध्याकाळी आमी निघालो होतो तुह्याकडं. पोरीईचा टाइम आठ करायचं ठरलं होतं. तुही माय भागिरथा वाटेत भेटली. दुधाची बरणी खाली ठेवली अन् हात जोडले. 'तिले मनवू नका,' म्हणे. 'एवढी परीक्षा देऊ द्या.' तुले सांगू नका म्हणून शपथ घातली."

"मंग टाइम?"

"आता मागाले कोणी आलंच नाही ना."

घरी आली. आईनं चहा करून ठेवला होता, पुस्तकाजवळ. तिले काही विचारलं नाही. पुस्तक उघडलं.