खडीवरची अंडी

११ फेब्रुवारी

खडी आली! मी दातांच्या लॅबमध्ये दुसऱ्यांच्या कवळ्या घासत बसलेले, आणि इकडे दादाने आख्खा ट्रक आवारात रिकामा करून घेतला. घरी येऊन बघते तर फाटकापासून पायरीपर्यंत नुसती खडी. कडेने पाय टाकायला जेमतेम जागा ठेवली आहे — उपकारच!

"मुदत मार्चअखेरची होती ना?" मी म्हटलं.

"अजूनही तीच आहे. ट्रक इकडूनच चालला होता, म्हणून टाकून घेतली. काँक्रीट एक एप्रिलला. गवंड्याला सांगून ठेवलंय."

म्हणजे मी हरणार हे धरूनच चाललाय. मागच्या वर्षी या आवारात गवताचं पातं नव्हतं. रोज खराट्याने झाडून चकचकीत केलेली माती. मी ते बागेसाठी मागितलं तेव्हा त्याने हसत हसत अट घातली — रानातल्या एखाद्या जिवाने आपणहून येऊन इथे पिल्लं काढली, तर आवार तुझं. नाहीतर माझा टेम्पो दारापर्यंत येणार. फुलपाखरं हिशेबात धरायची नाहीत, पाणी पिऊन जाणारे पाहुणे धरायचे नाहीत. सगळे नियम त्याचेच!

आज मुदत वाढवून मागितली, तर म्हणाला, "त्यापुढे मला थांबता येणार नाही." एका टेम्पोचे केवढे लाड!

१६ फेब्रुवारी

उजव्या अंगाला रुई माझ्या खांद्याला लागली आहे. तिच्यावर सुरवंट आहेत, पानं कुरतडून चाळण केली आहे. आनंद आहे. इथलीच गवतं लावली, ती गुडघ्याएवढी झाली. जुना टब मातीत पुरून पाणी भरून ठेवलं, त्यावर चतुर येतात. सगळे येतात आणि जातात. राहायला एकही तयार नाही. मी काय कमी केलं?

वहिनीचंही नवल वाटतं. पावसाळ्यात माझ्याबरोबर उकिडवी बसून बी पेरत होती. "वन्सं, ही ओळ वाकडी गेली बघा," म्हणून मला चिडवत होती. आता बागेत पाय टाकत नाही. खिडकीतल्या खुर्चीत बसून राहते. बोलावलं की म्हणते, इथून दिसतं की. दादाच्या बाजूची झाली, दुसरं काय!

२ मार्च

खडीवर टिटवी. कामावर जाताना दिसली, येतानाही तिथेच. गेली कशी नाही?

७ मार्च

अंडी! चार!

खडीच्या मधोमध चार अंडी, टोकं आत वळवून ठेवल्यासारखी. खडीच्याच रंगाची, वर काळे ठिपके. मी पाऊलभर अंतरावर उभी होते, तरी दिसली नाहीत. टिटवी जिवाच्या आकांताने ओरडत डोक्यावर झेपावली, तेव्हा खाली नीट बघितलं.

हसावं की रडावं? वर्षभर मी झुडपं लावली, पानं पसरली, पाणी घातलं — आणि ही बया बसली कुठे? दादाच्या खडीवर! तिला म्हणे उघडी जागाच लागते. लॅबमधल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी सांगितलं. त्यांना पक्ष्यांचा नाद आहे. पिल्लं निघायला महिना तरी लागेल, म्हणाले.

मार्चअखेर मुदत. एक एप्रिलला गवंडी. पिल्लं निघणार त्यानंतर.

दादाला सांगू? तो म्हणेल, अंडी म्हणजे पिल्लं नव्हेत, आणि खडी माझी. त्यापेक्षा मूग गिळून गप्प बसते.

१३ मार्च

एक गोष्ट बघितली. दुपारच्या उन्हात टिटवी उठली, तुरुतुरु चालत माझ्या टबात उतरली, पोट भिजवलं आणि ओल्या पोटाने परत अंड्यांवर जाऊन बसली. अंडी गार ठेवते! मग दुसरी आली, तिनेही तेच केलं.

म्हणजे माझा टब आहे म्हणून ती इथे आहे. दादाशी भांडायला मुद्दा मिळाला. सुट्टीचा दिवस सगळा तेच बघत बसले. ओलं पोट, कोरडं पोट.

स्वयंपाकघरात वहिनीच्या हातातून वाटी पडली, आमटी सांडली. या आठवड्यात दुसऱ्यांदा. हल्ली तिचं लक्ष नसतं कशात. पुसायलाही वाकली नाही. मीच पुसलं, जरा आदळआपट करत.

२१ मार्च

मांजर! शेजारचं, पांढरं, माजलेलं. मी लॅबमध्ये असताना काय होत असेल? जीव टांगणीला लागलेला असतो दिवसभर. आज एका कवळीचे दोन दात उलटे बसवले. मालक म्हणाले, "बाई, हा पेशंट जेवणार कसा?"

२७ मार्च

केलं एकदाचं. गवंड्याला फोन केला. म्हटलं, दादांनी सांगितलंय, एक तारखेला येऊ नका, नंतर कळवतील. त्याला काही वाटलं नाही. "बरं ताई," म्हणाला, संपलं.

आतापर्यंत दादापासून काही लपवलं नव्हतं. आता एक लपवलं, आणि त्यावर हे दुसरं.

१ एप्रिल

उघडकीला आलं. दादाने सकाळपासून वाट बघितली, मग गवंड्याला फोन केला. मी चहा गाळत होते. मागून त्याचा आवाज — "माझ्या नावावर खोटं बोललीस?"

मी म्हटलं, थोडे दिवस थांब. का? सांगवेना. तोच म्हणाला, "तुला तुझं गवत दिसतं. त्यापलीकडे काही दिसतं का ग?"

मीही तापले. टेम्पोसाठी बहिणीवर ओरडतोस, म्हटलं. आतून वहिनी म्हणाली, "पुरे करा दोघं." दोघांनीही तिच्याकडे बघितलं नाही.

गवंडी उद्या येणार.

२ एप्रिल

सगळं लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

अर्धी रजा टाकून रिक्षाने आले. फाटकात मिक्सर उभा. गवंडी हातात फावडं घेऊन खडीत उतरलेला. टिटव्या त्याच्या डोक्यावर किंचाळत घिरट्या घालताहेत, आणि तो हाताने त्यांना वारतोय. मी धावले. मी ओरडायच्या आधीच दुसरं कुणीतरी ओरडलं —

"थांबा! अंडी आहेत! फावडं टाका खाली!"

वहिनी! खिडकीत उभी, एका हाताने गज घट्ट धरलेले, दुसऱ्या हाताने चौकटीला टेकवलेलं ताट डावाने बडवतेय. जिच्या तोंडून कधी मोठा शब्द निघत नाही ती!

"कुठे आहेत?" गवंडी म्हणाला. "मला तर खडीच दिसतेय."

मी दाखवली. तो खाली बसला, बघितलं आणि दोन पावलं मागे सरकून चपला हातात घेतल्या. तसं कशाला, कुणास ठाऊक.

दादा आला. खूप वेळ बघत उभा राहिला. मी वेड्यासारखी म्हणून गेले, "मुदत परवाच संपली."

"मुदत गेली खड्ड्यात," तो म्हणाला. पण बघत होता खिडकीकडे. वहिनीने मान हलवली — नको. त्याने तिला हळू आवाजात विचारलं, "मग तुझं काय?" ती म्हणाली, "माझं बघू नंतर."

मग गवंड्याला परत पाठवलं. "जिंकलीस तू," मला म्हणाला आणि आत गेला. चेहरा उतरला होता. हरणं त्याला कधीच जमलं नाही!

नंतर वहिनीने सांगितलं, पहिल्या अंड्यापासून तिला ठाऊक होतं. रोज ताट बडवून मांजर तीच हाकलत होती. मी तिच्या गळ्यात पडले. माझ्या वजनाने ती खुर्चीतच बसली. हसली.

५ एप्रिल

निघाली! चारही! कापसाच्या बोळ्यांना काड्या लावल्यासारखी. दुपारपर्यंत खडी सोडून आईमागे टबाकडच्या गवतात चालती झाली. आईने इशारा दिला की जागच्या जागी दबून बसतात. मग शोधूनही सापडत नाहीत.

माझ्या गवतात! माझ्या!

वहिनीला म्हटलं, आता तरी बाहेर ये, नखरे पुरे. म्हणाली, "तुम्ही सांगा ना वन्सं, मी ऐकते." सांगितलं. सगळं, बारीक बारीक.

१० एप्रिल

दादाने टेम्पोतून चाकांची खुर्ची उतरवली. मला वाटलं, कुणाचा तरी माल असेल. ढकलत आणायला गेला, तर चाकं खडीत रुतली. मग उचलून आणली. वहिनी दाराला धरून उभी होती.

"पावसाळ्यापासून पाय जाताहेत तिचे," तो म्हणाला. "आता हातही. तुला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली होती मला. म्हणे, वन्सं बाग सोडून माझ्यामागे लागतील."

आणि मी टिटवीचं पोट ओलं आहे की कोरडं, ते बघत होते!

गवंड्याला फोन केला. दादाला न विचारता, दुसऱ्यांदा. म्हटलं, या. फाटकापासून पायरीपर्यंत काँक्रीट करा, आणि तिथून वळवून टबापर्यंत न्या. मधली रुई मी उद्या काढून ठेवते.