पारूबाय मांडवाशिवाय गात नाही

६ मार्च १९९९, मोखाडा
यंत्र आलं. ठाण्याहून जव्हार, तिथून जीपमध्ये माझ्या मांडीवर. मांड्या अजून बधिर. विनायक (कॉलेजचा मित्र, आता स्टुडिओत) कसाबसा तयार झाला. डिजिटल टेप रेकॉर्डर, डॅट म्हणतात. कॅसेट काडेपेटीहून जरा मोठी, दोन तास चालते. सोमवारी २९ ला परत म्हणजे परत.
मंगल म्हणाली, "ह्याला झोपायला खाट देऊ का?" दिली. आमची पोरं खाली.

७ मार्च
पोशेरा. पारूबाय धवलेरी. आमच्याकडे लग्न लावते ती हीच, गाणी म्हणून. भिंतीवर लग्नाचा चौक लिहिण्यापासून पाठवणीपर्यंत सगळं तिच्या तोंडात, वहीत एक ओळ नाही. मागून म्हणणारी होती, ती गेल्या वर्षी वारली. आता हिचा खोकला. थंडीत तीन आठवडे आवाजच नव्हता. म्हणून माझी घाई.
यंत्र मांडलं, माईक लावला, म्हटलं गा.
"लगीन कुणाचं?"
कुणाचं नाही, नुसतं भरून घ्यायचंय.
"मंग देवाला कशाला बोलवू? देव आला न् म्हणला नवरानवरी कुठं हाईत, तं तुला दाखवू?"
मला चहा पाजून वाटेला लावलं.

१४ मार्च
दाभोशाला लग्न होतं. गेलो यंत्र घेऊन. मांडवावर भोंगा, हिंदी गाणी. घरी येऊन ऐकलं: दोन तासांत पारूबायच्या चार ओळी. त्याही फाटलेल्या. विनायकने बजावलं होतं, रेषा लाल झाली की आवाज गेला, मग काही करता येत नाही. मी नाच बघत बसलो. गाढव.

१६ मार्च
ऑफिसात दाखले लिहिताना सुचलं. आईदादांचं लग्न कुठे झालंय? छत्तीस वर्षं एकत्र, चार पोरं, खर्चापायी मांडव राहून गेला. आमच्याकडे अशी घरं कमी नाहीत. आईबापांचं नाही म्हणून पोरांचंही नाही. मी आणि मंगल त्यातलेच. रेशनकार्डावर नवराबायको आहोत, हळद लागलेली नाही.
खरं लग्न, आपला मांडव, भोंगा नाही. पारूबायला नाही म्हणता येणार नाही.

१७ मार्च
दादा: "म्हातारपणी हळद? गाव हसंल." उठून शेताकडे.
 नंतर मागच्या दारी आई मला हळूच, "तू मांडव घाल. त्याला मी आणते."

२५ मार्च
लागलं!!
भोंगा नको म्हणून घरोघर हात जोडले. ग्रामसेवकाच्या टीव्हीचा स्टॅबिलायझर आणला. माईक मांडवाच्या मेढीला. रेषा एकदाही लाल झाली नाही. पारूबाय खोकून खोकून गायली, पण गायली. दादा चक्क लाजले. आईला हळद लावताना मला रडू आलं, हेडफोन काढायची सोय नव्हती.
पाठवणीपाशी पारूबाय थांबली. मी खुणेने, पुढे? तर म्हणते, "हिला कुठं पाठवू? छत्तीस वरसं हितंच हाय. माहेरी कुणी उरलं नाय." मग मंगलकडे बघून, "हिचं लावशील तवा म्हणीन. हिला आधी माहेरी धाड."
सगळे हसले. मी नाही.

२६ मार्च
तीन कॅसेटी, पूर्ण ऐकल्या. बांगड्यासुद्धा स्वच्छ. पाठवणी नाही. बूथवरून विनायकला फोन, आणखी पंधरा दिवस दे. नाही म्हणाला.
मग रविवारी आमचं उरकायचं. मांडव उभाच आहे, पानं सुकली नाहीत. मंगल एक दिवस दाभोशाला माहेरी जाईल. सोपं आहे.

२७ मार्च
मंगल नागली पाखडत होती. सांगितलं.
"रविवारीच का?"
म्हटलं, सोमवारी यंत्र जातंय.
सूप थांबलं. "दहा वरसं मी ह्या घरात हाय. तवा नाय सुचलं. लगीन माझ्याशी लावतोस का त्या यंत्राशी?"
 रात्री आईनेही ताट माझ्यापुढे आपटलं. लाज वाटली, खरंच वाटली.

२९ मार्च
मांडव काल उतरवला. यंत्र पहिल्या एसटीने स्वतः नेऊन दिलं. विनायकला म्हटलं, परत मागणार. "बघू." बघू काय! मागणारच. त्याने नाही दिलं तर दुसरीकडून आणीन. कॅसेटी ट्रंकेत ठेवल्यात, वाजवायला घरात काही नाही.

३० मार्च
सकाळी मंगलला लग्नाचं विचारलं. नीट विचारलं. तारीख नाही, पारूबायचं नाव नाही. खोकला ती पण ऐकून आहे.
तिने चूल विझवली. मग म्हणाली, "माहेरी जाऊन येते. मंग सांगते."
पोरांना आईकडे ठेवून दहाच्या जीपने गेली. पिशवीत दोनच लुगडी भरली की जास्त, ते मी पाहिलं नाही. कधी येणार, हेही विचारलं नाही.