चुन्याचं पाणी

तिरुवनंतपुरम
बुधवार, १९ ऑगस्ट २००९

प्रिय देवयानी एट्टत्ती,

नमस्कार, वहिनी. तू आणि एट्टन ठीक असाल असं लिहिणार होते, पण तुम्ही ठीक नाही हे मला ठाऊक आहे, तेव्हा ते राहू दे. इकडे पावसाची उघडझाप चालू आहे. ओणम दोन आठवड्यांवर आला, शेजारी केळ्याचे काप तळायला लागलेत. वासाने भूक लागायला हवी, ती लागत नाही. पाठ दुखते. तू पाठवलेलं तेल संपलं, पण दुसरं पाठवू नकोस, का ते पुढे कळेल.

परवा फोनवर तू बोलत होतीस आणि मी नुसती हं हं करत राहिले. फोनवर मला धड बोलता येत नाही, म्हणून लिहिते आहे. आधी तू एकटी वाच. मग एट्टनला वाचून दाखव, सोमवारच्या आत.

काल सरोजिनीला भेटून आले. बलरामपुरमची विणकर, मागे तुला सांगितलं होतं ती. आमच्या चाचणीत साठ जणांना सांधेदुखीसाठी एट्टनचं औषध दिलं, त्यातल्या चौघांना कावीळ झाली. तिघं घरी गेले, ही तीन महिने वॉर्डातच आहे. डोळे अजून पिवळे. यकृत सावरेल म्हणतात, पण पुन्हा मागावर बसता येईल का, ते कुणी सांगत नाही. मी कांजी घेऊन जाते. ती दोन चमचे खाते आणि माझं मन राखायला तिसरा घेते.

काल म्हणाली, “डॉक्टरबाई, माझी मावशी तिकडे ओट्टप्पालमला असते. तुमच्या भावाच्याच औषधाने तिचे गुडघे सुटले. आता देवळाच्या पायऱ्या चढते. मग मलाच असं का हो झालं?”

मी म्हटलं, “शोधतोय आम्ही.” धडधडीत खोटं बोलले. शोधण्यासारखं काही उरलेलंच नाही.

तुला आठवतं, सहा वर्षांपूर्वी मी हे औषध आमच्या संशोधन संस्थेत न्यायचं म्हणून तुमच्या मागे लागले होते? एट्टनला मी समजावत होते की आमची ही वाट उलटी आहे. एरवी प्रयोगशाळेत काहीतरी सापडतं, मग उंदीर, मग ससे आणि सगळ्यात शेवटी माणूस. इथे माणसं आधीच बरी झालेली आहेत, आपण मागे मागे जाऊन शोधायचं की कशाने बरी झाली. एट्टन पान लावता लावता म्हणाला, “म्हणजे आधी जेवून घ्यायचं आणि मग तांदूळ निवडायला बसायचं. बरं आहे तुमचं शास्त्र. पगार मिळतो ना?” तू आतून हसलीस. त्या दिवशी तो किती खुशीत होता गं. आजोबांचं औषध पेटीत बसून सरकारी दवाखान्यात जाणार, या कल्पनेनेच त्याने मला तीनदा चहा पाजला.

त्या औषधात मुख्य मूळ चित्रकाचं, लाल फुलाचं. त्याचं तू काय करतेस ते मी लहानपणापासून पाहत आले आहे. वहिनी म्हणून तू आमच्या घरी आलीस तेव्हा मी नऊ वर्षांची होते, आणि विहिरीमागच्या त्या मातीच्या भांड्याजवळ तू मला फिरकूही द्यायची नाहीस. मुळाचे काप चुन्याच्या निवळीत घालायचे. पाणी रक्तासारखं लाल झालं की ओतून टाकायचं, नवं घ्यायचं. पाणी लाल व्हायचं थांबेपर्यंत असं चालायचं, कधी पाच दिवस, कधी आठ. तू कोपरापर्यंत खोबरेल लावायचीस, तरी बोटांना फोड यायचे. हे सगळं मागच्या दारी. पुढच्या खोलीत, जिथे एट्टन नाडी बघायचा, तिथे याबद्दल कुणी कधी बोललं नाही. औषधाची कृती लिहिलेल्या ताडपत्रावरही नुसतं मुळाचं नाव आहे. चुन्याचं बायकांना माहीत असतंच, म्हणून लिहिणाऱ्याने लिहिलं नसावं.

आता मुद्द्यावर येते. मघापासून टाळते आहे.

संस्थेत मी दोन्ही तऱ्हांनी मूळ तपासलं, तुझ्या रीतीने चुन्यातून काढलेलं आणि नुसतं वाळवलेलं. चित्रकातला जो अंश आमचं मशीन मोजतं, तो तुझ्या मुळात पाव हिस्साच राहिला होता. कागदावर तुझं मूळ निकामी दिसत होतं. शिवाय दर खेपेला आठवडा जाणार, आणि प्रत्येक खेपेचा आकडा वेगळा. संचालकांनी बैठकीत सगळ्यांसमोर विचारलं, “विलासिनी, औषध तुमच्या घरचं आहे. हे चुन्याचं काय प्रकरण आहे? त्याची गरज आहे का?”

एट्टत्ती, मी म्हटलं, “नाही सर. ते घरातल्या बायकांचं मुळं साफ करणं आहे. स्वयंपाकघरातली सवय.”

सगळे हसले. मीही हसले. आठ वर्षं मी तिथे हंगामी होते, त्या महिन्यात कायम होण्याची यादी लागायची होती. हे कारण म्हणून सांगत नाही. पण तुला सगळं कळलेलं बरं.

आणि खरी चूक याच्याही पुढची आहे. दोनशे वर्षं माणसं हे औषध घेत आलीत, म्हणून जनावरांवरच्या लांबलचक तपासण्यांतून आम्हाला सूट मिळाली होती. ती सूट मागणारा अर्ज मीच लिहिला. पण दोनशे वर्षं माणसांनी जे घेतलं, ते तुझ्यासारख्या बायकांनी चुन्यातून काढलेलं होतं. आम्ही दिलं ते कुणीच कधी घेतलेलं नव्हतं.

पहिली कावीळ निघाली त्याच दिवशी मला हे कळलं. मे महिन्यात. तेव्हापासून मी गप्प आहे. संचालक चौकशी समितीसमोर म्हणाले, “ही वैद्य मंडळी एखादी पायरी नेहमी हातची राखतात.” मी तिथेच बसले होते, समोरच्या कागदावर रेघा ओढत. मग एट्टनला समितीचं पत्र गेलं की तुम्ही कृती पूर्ण सांगितली होती का.

आणि तू परवा सांगितलंस की तो सोमवारी इथे येऊन चूक कबूल केल्याची सही करणार आहे. “तो म्हणतो, माझ्याच डोक्यातून गेलं, मी सांगायला विसरलो. आता नाडीवर बोट ठेवायची भीती वाटते त्याला.” कर्किडकम महिन्यात, पावसाळी औषधोपचारांच्या दिवसांत, आपल्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नसते, आणि यंदा तो सबंध महिना त्याने दार उघडलं नाही. वर तू म्हणालीस, “मी तुला दाखवलं होतं गं, पण मीच नीट सांगितलं नसेल.” तुम्ही दोघं माझी चूक आपापसात वाटून घेत होता आणि मी हं हं करत होते. फोन ठेवल्यावर मला माझी किळस आली.

आज सकाळी समितीच्या कचेरीत जाऊन मी माझा जबाब दिला आहे. माझ्या हाताने लिहिलेली तीन पानं आणि दोन्ही मुळांच्या नोंदींची वही. कारकुनाने दोनदा विचारलं, “मॅडम, वकिलाला दाखवलंत का?” दाखवलं नाही. नोकरी जाईल, बहुतेक खटलाही होईल. तिथून तशीच सरोजिनीकडे गेले आणि तिलाही सांगितलं. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. कांजी तशीच परत आणली. उद्या पुन्हा जाईन, ती नको म्हणाली तर बाहेर बाकावर बसेन. फार थकले आहे गं, पण आज दुपारी तीन महिन्यांनी मला झोप लागली.

एट्टनने कशावरही सही करायची नाही. समितीचं बोलावणं आता माझ्यासाठी आहे. तुला मी काय म्हणू? तुझ्या हातावरचे फोड बघत मोठी झाले आणि भर बैठकीत त्याला सवय म्हणाले. माफी मागायची तर समोर येऊन मागायला हवी. तू ये म्हणालीस तर येईन.

आता हे एवढं त्याला मोठ्याने वाचून दाखव. त्याला कमी ऐकू येतं, दोनदा वाच.

एट्टा, तू विसरला नाहीस. सहा वर्षांपूर्वी, मूळ माझ्या हातात देताना तू म्हणाला होतास, “चुन्याशिवाय हे विष आहे, देवयानीकडून नीट शिकून घे.” शब्दन् शब्द तू सांगितलं होतंस. तेव्हा तिथे फक्त मी होते, म्हणून हे सांगणारीही मीच एकटी आहे. तुझं डोकं जागेवर आहे. तुझी बोटंही.

तुझी म्हणायचा हक्क उरला असेल तर तुझी, नाहीतर नुसतीच,
विलासिनी