गजाची शिक्षा

१४ नोव्हेंबर २००६
शिकवते त्या शाळेत निरोप आला तशी अकोल्याहून मोर्शीला आले. गजा पोलीस ठाण्यात. माझा धाकटा भाऊ, वय एकतीस, समज सात-आठ वर्षांच्या पोराची. संत्र्याच्या व्यापाऱ्याकडे पेट्या भरायचा. आज ड्रायव्हर आला नाही, याला आवारात टेम्पो मागे-पुढे करता येतो, म्हणून मालकाने तोच हाती दिला. "लवकर पोचव, कुठं थांबू नको." गजा थांबला नाही. चौकात सायकलवरचे एक म्हातारे बाबा जागीच गेले.
मालक आता म्हणतो, चावी त्यानेच उचलली.

१५ नोव्हें.
जामीन झाला. मायनं ताट वाढलं. "माय, ते बाबा उठलेच नाही वो," गजा म्हणाला. मग आणखी एक पोळी मागितली.

८ फेब्रुवारी २००७
अमरावतीला तपासणी. वकील म्हणतात, वेडाचं कलम लागणार नाही, माणूस मेला हे त्याला कळतं. शिक्षा कमी मागता येईल, त्यासाठी दाखला हवा. डॉक्टरांनी चित्रं दाखवली, ठोकळे लावायला दिले. बाहेर येऊन गजा: "ताई, पास झालो का मी?"
दाखल्यावर 'मतिमंद'. मायला वाचून दाखवलं नाही.

२१ जून
मोर्शीच्या कोर्टात न्यायाधीश साहेबांनी गजाला विचारलं, "गुन्हा कबूल आहे?"
"हो जी."
घरी दहा वेळा शिकवलं होतं, नाही म्हणायचं. साहेबांनी पुन्हा समजावून विचारलं. पुन्हा हो जी. वकील म्हणाले, कबुलीच राहू द्या, शिक्षेवर बोलू.

३ सप्टेंबर
आठ महिने कैद.
आमच्या वकिलांनी दाखला पुढे केला, चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडा म्हणाले. सरकारी वकिलांनी तोच दाखला उचलला. ज्याला समजत नाही तो रस्त्यावर जास्तच धोक्याचा. साहेब म्हणाले, दोन्ही बाजूंचा विचार केला, जीव गेला आहे. अपिलापर्यंत जामीन.
गजा माझ्या शेजारी सगळं ऐकत होता.
पायऱ्यांवर म्हाताऱ्यांची सून भेटली. "मले त्याच्यावर राग नाही, बाई. पण त्याले समजत नाही हे तुमाले ठावं होतं ना? मंग गाडीवर काहून बसू देला?"
मालकाचं नाव ओठांवर आलं. गिळलं. ते घेऊन ती काय करणार...

११ मार्च २००८
अमरावती. अपील. या वेळी गजाला बाहेर बाकावर बसवलं, दाखल्यावरचा तो शब्द पुन्हा कानी पडायला नको म्हणून. पण जजसाहेबांनीच आत बोलावलं. हळू बोलत होते, माणूस चांगला वाटला.
"तुरुंग म्हणजे काय, माहीत आहे?"
"हो जी. तिथं गेलं का मानूस शहाणा होते."
"कोण म्हणतं?"
"सगळेच म्हनते. मायबी म्हनते."
माय खाली बघत राहिली. साहेबांनी काहीतरी लिहिलं. निकाल राखून ठेवला. वकिलांना विचारलं, बरं झालं की वाईट? सांगता येत नाही म्हणाले.
परतताना एस.टी.त गजा मायच्या खांद्याशी टेकून. "ताई, कवा जाचं मले तिथं?"
माय म्हणाली, झोप.
तो झोपला नाही.