गुडघा मोतीलालचा, नाव निंबाचे

प्रति,
मा. कामगार कल्याण अधिकारी साहेब,
बोराई सहकारी सूतगिरणी, बोराईनगर,
ता. शिरपूर, जि. धुळे.

अर्जदार : सौ. मंजुळाबाई मोतीलाल बडगुजर, रा. बोराईनगर.

विषय : मंगळवारच्या ऑपरेशनच्या कागदांवर निंबाऐवजी मोतीलालचे नाव घालणेबाबत.

संदर्भ : गिरणीचे दवाखान्यास गेलेले पत्र, दि. २७ जानेवारी १९९२.

महोदय,

अर्जदार बाईंना लिहिता येत नाही. त्या सांगतात तसे मी, हिलाल अर्जनवीस, लिहीत आहे. शब्द कडक वाटल्यास दोष लेखणीला द्यावा, बाईंना नव्हे.

१. अर्जदारांचे पती मोतीलाल हे आपल्या गिरणीत सहा वर्षांपासून बदली कामगार आहेत. चाळीसगावच्या कबड्डी स्पर्धेत फक्त कायम कामगारांना उतरता येत होते. मोतीलालसारखा चढाईवाला गिरणीत दुसरा नाही, म्हणून त्यांना शेजारी राहणारे कायम कामगार निंबा भाईदास कोळी यांच्या नावावर खेळवले. असे दरसाल चालते, कुणाला त्यात वावगे वाटत नाही. निंबा त्या दिवशी घराबाहेर पडले नाहीत, कारण कागदोपत्री ते मैदानावर होते.

२. शेवटच्या चढाईत समोरच्याने घोटा धरला, अंग फिरले आणि गुडघा जागीच राहिला. ढाल आपल्या गिरणीला मिळाली. गुडघ्यातली दोरी, डॉक्टर लिगामेंट म्हणतात ती, मात्र तुटली, आणि अपघाताच्या रिपोर्टात ती निंबाची तुटली असे लिहिले गेले.

३. मुंबईचे हाडांचे डॉक्टर धुळ्याच्या दवाखान्यात तीन महिन्यांनी एकदा येतात. १८ तारखेचा मंगळवार हुकला तर थेट मे महिना. तोवर पाय कायमचा अधू होईल, असे मागच्या खेपेस त्यांनी निंबा समजून मोतीलालचा पाय हातात धरून सांगितले आहे. सूत काढायच्या साच्यापुढे आठ तास उभे राहणाऱ्या माणसाचा पाय गेला म्हणजे काय उरले? म्हणून मोतीलालनी विडी सोडली. पायाला वाळूची पिशवी बांधून ते दिवसातून तीनदा पाय उचलतात, डोळ्यांत पाणी येते तरी मोजणी चुकवत नाहीत.

४. अर्धी तयारी अशी मोतीलालच्या अंगावर झाली, उरलेली निंबाच्या. रक्त, लघवी, छातीचा फोटो यांसाठी निंबाला नावानिशी बोलावणे आले. न जावे तर निलंबन, म्हणून बिचारे गेले. आता सोमवारी भरती व्हा, असा त्यांनाच हुकूम आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. निंबा धड जेवत नाहीत, सारखे आपल्या धडधाकट गुडघ्यावरून हात फिरवत बसतात.

५. बाई काही लपवत नाहीत. सोमवारी मोतीलालनीच निंबा म्हणून खाटेवर झोपावे, असे दोन्ही घरांत ठरले होते. पण मोतीलालचे रक्तदान शिबिराचे जुने कार्ड सापडले. मोतीलालचे रक्त ओ गटाचे, निंबाचे बी. दवाखान्याने बीच्या दोन बाटल्या काढून ठेवल्या आहेत. चुकीची बाटली चढली तर माणूस हाती लागत नाही, असे तिथल्या सिस्टरबाईंनी सांगितले. ते ऐकल्यापासून बाईंच्या जिवाला थारा नाही. खोटे नाव सांगावे तर नवरा जातो, खरे सांगावे तर ऑपरेशन जाते, कारण गिरणीचे पत्र निंबाच्या नावाचे आहे.

६. बाई आपल्याकडे दोनदा आल्या. नाव बदलले तर ढाल परत करावी लागेल आणि गिरणीची अब्रू जाईल, असे आपण म्हणालात. त्यावर बाईंचे म्हणणे त्यांच्याच अहिराणी बोलीत लिहितो : "साहेब, कापानं काय शे, गुडघा का नाव? ढाल मी मना डोकावर लई जासू, परत दी येसू. मना मालकले वाचाडा."

७. पुरावा काय, असेही आपण विचारलेत. सामन्याच्या दिवशी 'निंबा' म्हणूनच ओरडायची सर्वांना ताकीद होती, आणि सगळे तसेच ओरडत होते. मोतीलाल पडले तेव्हा आपण खुर्ची सोडून धावत आलात. त्यांचे डोके मांडीवर घेतलेत आणि म्हणालात, "मोतीलाल, ऊठ रे बाबा." बाई मैदानाच्या दोरीला लागून उभ्या होत्या, त्यांनी ते ऐकले आहे. साहेब, एवढ्या माणसांत खरे नाव फक्त आपल्या तोंडून निघाले होते. तेच एकदा कागदावर लिहावे, एवढे एकच मागणे आहे.

सोमवारी धुळ्याची पहिली गाडी सुटेपर्यंत आपल्या दारात बसून राहणारी,

सौ. मंजुळाबाई मोतीलाल बडगुजर
(निशाणी डावा अंगठा)

दि. १४ फेब्रुवारी १९९२

सोबत :
१. मोतीलालचे रक्तगटाचे कार्ड.
२. निंबा कोळी यांची चिठ्ठी : 'माझा गुडघा चांगला आहे, तो कापू नये.'
३. ढालीसह संघाचा फोटो. मधोमध पाय लांब करून बसलेले ते मोतीलाल. त्यांच्या खांद्यावर हात आपला आहे.