मुकादमाचा मान

१२ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेल्या गजराच्या घड्याळाविरुद्ध ही रीतसर तक्रार समज. ते मनाला येईल तेव्हा वाजतं आणि गरजेला गप्प बसतं. अगदी तुझं सख्खं भावंड शोभतं.

आता खरं दुखणं. मेंढ्या मान वाकडी करून गोल गोल फिरतात आणि काही दिवसांत आडव्या होतात. शेजारच्या कळपातलीही एक गेली. रोग तुमच्याकडूनच आला, असं मी शेजाऱ्याला तोंडावर सुनावून आले. कालच्या मेंढीचं डोकं बर्फात घालून तुझ्या प्रयोगशाळेकडे पाठवलंय. त्यावरून आपला मुकादम कुत्रा रुसलाय. मेलेल्या मेंढीचं डोकं राखणीच्या कुत्र्याचं, हा ह्यांनी घालून दिलेला मान. हे गेले, तरी मी तो आजवर मोडला नव्हता.

लवकर शोध लाव. कळप संपला तर मला तुझ्या दोन खोल्यांत यावं लागेल. तुझ्या बायकोची दया येते.

तुझी ताई


२० मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

मेंदूत पाण्याची पिशवी निघाली. हा पट्टकृमी, म्हणजे फितीसारखा जंत. कच्चं डोकं खाल्लं की तो कुत्र्याच्या पोटात वाढतो. त्याची अंडी विष्ठेतून गवतावर आणि गवतातून मेंढीत जातात. शेजाऱ्याचा कळप तुझ्याच कुरणावर चरतो. रोग तिकडून आला नाही, ताई. इकडून गेला.

दाजी मुकादमाला किती मायेनं भरवायचे, ते मी पाहिलंय. त्याला मारू नकोस. सोबतच्या गोळ्या दे, बांधून ठेव, विष्ठा जाळ, डोकी खोल पूर. फिरायला लागलेली मेंढी मात्र वाचायची नाही.

बायको म्हणते, दया नको, या. माया आहेच, ती वाढवावी.

तुझा धाकटा


४ एप्रिल

चि. धाकट्यास आशीर्वाद.

गोळ्या दिल्या. पण म्होरकी मेंढी फिरायला लागली, ह्यांनी बाटलीनं दूध पाजून वाढवलेली. कापावी लागली. डोकं मी स्वतः पुरलं, वर दगड रचले. मुकादम त्या दगडांपाशी बसून असतो. आपला वाटा जपून ठेवलाय, असं त्याला वाटत असावं. हे सारं ऐकायला तुझे दाजी आज नाहीत ते बरं, असं मनात आलं, आणि मग दिवसभर कशात लक्ष लागेना.

शेजाऱ्याला तुझं पत्र वाचून दाखवलं. मला वाटलं, आता माझे शब्द मला परत मिळणार. पण ते एवढंच म्हणाले, “कुत्र्याला काय कळतं, ताई. लाड आपणच करतो.” त्यांच्या कुत्र्यासाठीही गोळ्या हव्यात, पाठव.

बाकीच्या मेंढ्या सरळ चालतात, म्हणजे तुझी बायको तूर्त सुटली. आठवण ठेवा, तेवढं पुरे.

आज परतताना दोन्ही कळप एकमेकांत मिसळले. निवडताना मी माझी एक गाभण मेंढी त्यांच्यात राहू दिली. त्यांच्या लक्षात आलं. ते काही बोलणार, तोवर मी पाठ करून फाटकाची कडी लावत होते.

ताई