सात दिवसांत अकरा चर्च

३ एप्रिल, गुरुवार
आणि वर मलाच म्हणतात, तू कान लावून ऐकतेस. कान लावायची वेळ कुणी आणली? दोहाजवळ वक्र्यातला दोन खोल्यांचा फ्लॅट, त्यात बापलेक बाल्कनीचं दार ओढून कुजबुजत बसतात. ईदच्या सुट्टीपासून चाललंय. मी चहा घेऊन गेले की मोबाइल उलटा. अनुजा म्हणते, थँक्स आई. पोटची पोरगी चहाला थँक्स म्हणायला लागली की समजावं, काहीतरी लपवतेय.
एवढं कळलंय की जूनमध्ये फ्रान्सला जायचं. विमानाने तिथवर आणि पुढे सायकलने. खेड्याखेड्यातून, रमतगमत, सात दिवस. अनुजा दोहात मुशैरिबच्या ऑफिसात लागल्यापासून बापाला काहीतरी मोठं द्यायचं म्हणत होती. लोक बापाला घड्याळ देतात.
घरचे सगळे जाणार तर मला सगळं माहीत असायला नको? कोण कुठे झोपणार, कोण काय खाणार, हे शेवटी माझ्याच गळ्यात पडणार.

५ एप्रिल, शनिवार
हे आंघोळीला गेल्यावर त्यांच्या बॅगेतला नकाशा काढला. इंग्रजी आहे. मी चौथी पास. पण मोजता येतं. क्रॉसची खूण असलेली ठिकाणं अकरा.
ह्यांना विचारलं, एवढी चर्च कशाला? म्हणाले, आठशे वर्षांपूर्वीच्या दगडी कमानी आहेत, सिमेंटचा कण नाही, नुसत्या दगडावर दगड. मी गवंड्याचा पोर, मला हात लावून बघायचंय. तेवीस वर्षं कतारात काँक्रीट ओतलं, आता दगडाचा पुळका आला. दगडच बघायचा तर गावी कवठ्याला आमच्या घरामागे डोंगर आहे. तिकीट नाही.
मी सांगते कारण. अनुजाने तिकडचा मुलगा बघितलाय. लग्नाला एक चर्च पुरतं, पण माझ्या बहिणीच्या लग्नाला आम्ही सात मंगल कार्यालयं बघून आलो होतो. तसंच हे. अकरा दाखवणार, एक पसंत करणार, आणि मी तिथे सायकल धरून उभी.

६ एप्रिल, रविवार
अनुजाच्या मोबाइलवर एका दाढीवाल्याचा फोटो. सायकलीपाशी उभा राहून हसतोय. हा कोण? तर म्हणे गाइड. साठ वर्षांचा आहे आई, त्याला नातवंडं आहेत, प्लीज. नातवंडं फोटोत कुठे दिसली नाहीत.
ठरवलं. ह्या दोघांना एक मिनिटसुद्धा नजरेआड होऊ द्यायचं नाही. म्हणजे सायकल चालवायला हवी. मला येते तशी. लहानपणी भावाच्या सायकलवर मागे बसून बाजाराला जायची, तोल सगळा मीच सांभाळायची. फक्त पुढे बसलेली नाही.

८ एप्रिल, मंगळवार. पहाटे ५
खालच्या मजल्यावरची समीना हैदराबादची. तिच्या नवऱ्याची, नसरुद्दीनची, सायकल मागितली. ट्रकचं वजन आहे तिचं. समुद्राकाठच्या फरसबंदीवर नेली. समीनाने मागून कॅरिअर धरलं. मी तिला सांगत होते की आमच्याकडे मुलींना सायकल कशी देत नसत, भाऊ कसा आखडू होता. समीना म्हणाली, भाभी, पैडल मारो, तकरीर बाद में. तकरीर म्हणजे भाषण.
दोन फूट गेले. पहिल्या दिवशी दोन फूट म्हणजे वाईट नाही. रमतगमतच जायचंय, स्पीडचं काम नाही.
घरी काही बोलले नाही. तेही लपवतात, मीही लपवते.

११ एप्रिल, शुक्रवार
आज सायकल सरळ जात होती. समोर चार म्हातारे अरब कहवा घेऊन बसले होते, ते बाजूला झाले नाहीत. मी घंटी वाजवणार होते, पण घंटी वाजवायला हात सोडावा लागतो. त्यांचा थर्मास गेला, माझा गुडघा. एकाने खजूर दिला. दुसरा यल्ला यल्ला, म्हणजे चल चल, म्हणत मला परत सायकलवर चढवायला निघाला. समीना म्हणाली, खलास, आज बस. तिच्यात चिकाटी कमी आहे.
ह्यांनी विचारलं, गुडघ्याला काय झालं. म्हटलं बाथरूममध्ये घसरले. ह्यांनी लगेच बाथरूमची फरशी घासून काढली. प्रेम असेल. किंवा पोटात पाप असेल. दोन्हीला माणूस फरशी घासतो.

१३ एप्रिल, रविवार
पार्सल आलं. डोक्यावर घालायच्या दोन टोप्या, सायकलच्या. एक लाल, एक निळी. दोघंही घरी नव्हते, निळी घालून बघितली. अंबाड्यावर बसेना, झाकणासारखी वर तरंगते. तरीच माझी मागवली नाही. अंबाडा असलेल्या बाईची वेगळी येत असणार, स्पेशल ऑर्डर. वेळ लागतो अशा गोष्टींना.
लाल ह्यांना शोभणार नाही, हे मी आधीच सांगून ठेवते.

१६ एप्रिल, बुधवार
अनुजाने अर्धी सुट्टी घेतली आणि बापाला व्हिसाला घेऊन गेली. बोटांचे ठसे द्यायला. मला नेलं नाही. दुपारभर विचार केला. मग लक्षात आलं, माझे ठसे कतार आयडीच्या वेळी दहाच्या दहा घेतलेत. तेच पाठवले असणार इकडून तिकडे. सरकारं आपसात बोलतात. ह्यांचे परत घेतात कारण गवंड्याची बोटं, रेघा झिजलेल्या. सिमेंटने खाल्ल्या.
तरी मला सांगून जायला काय होत होतं?
आज सात फूट. वळता येत नाही अजून. वळायची गरज पडेल असं नकाशावर वाटत नाही.

१९ एप्रिल, शनिवार
सामानाचा विषय मीच काढला. हे कधी काढणार? शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, ज्वारीचं पीठ, छोटा कुकर. विचारलं, कुकर कोण वाहणार. हे म्हणाले, सामान व्हॅनमधून जातं, माणशी एकच बॅग. मग माझ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे, आणि म्हणाले, तू तुझं इथलं बघ, समीना आहेच सोबतीला.
म्हणजे समीनासुद्धा येतेय! आणि मला हे असं भिंतीकडे बघून सांगतात. आणि समीना, रोज माझं कॅरिअर धरते, एका शब्दाने बोलली नाही.

२० एप्रिल, रविवार
पहाटे समीनाला धरलं. म्हटलं, पासपोर्ट काढून ठेव, आणि ठशांचं काय केलंस? ती हसायला लागली. मग हसायची थांबली. म्हणाली, भाभी, आपको किसने बोला हम जा रहे? म्हटलं ह्यांनी. तिने कॅरिअर सोडलं आणि म्हणाली, भाईसाब से ठीक से पूछो, बैठ के.
काय विचारायचंय त्यात. सगळं ठरलेलं आहे.
आज चालवलीच नाही. वारा होता.

२५ एप्रिल, शुक्रवार
तिकिटं टेबलावर होती. नावं इंग्रजीत आहेत, पण नावं वाचता येतात मला. ह्यांचं, महिपती. अनुजा. पुढचं पान उलटलं, ते कोरं. मागून बघितलं, तेही कोरं.
मी म्हटलं, माझं कुठाय.
अनुजा म्हणाली, आई, मी तुला दोनदा विचारलं. फेब्रुवारीत एकदा इथे आणि एकदा मेट्रोत. तू दोन्ही वेळा नाही म्हणालीस. नो मीन्स नो ना?
हो, म्हटलं होतं. पहिल्यांदा म्हटलं, मला कशाला, तुम्ही जा. दुसऱ्यांदा म्हटलं, घर कोण बघणार. मग माणूस तिसऱ्यांदा विचारतो! आमच्याकडे पंगतीत साधा भात वाढायचा तरी तीनदा विचारतात. पहिल्याला हो म्हणणारी हावरट, दुसऱ्याला हो म्हणणारी उपाशी, तिसऱ्याला म्हणायचं, बरं, तुम्ही एवढं म्हणताय तर. एवढं साधं. पोरगी दोहाच्या शाळेत शिकली, तिला सोडून देऊ. पण हे? हे कवठ्याचेच ना? ह्यांना माझ्या आईने पाचदा वाढलंय.
हे म्हणाले, मला वाटलं तुला खरंच यायचं नाही. एकोणतीस वर्षं झाली लग्नाला.
मग बाल्कनीचं दार कशाला लावत होतात? तर म्हणे, तुला वाईट वाटू नये म्हणून.
म्हणजे मुलगा नाही. लग्न नाही. दाढीवाल्याला खरंच नातवंडं आहेत, अनुजाने फोटो दाखवला, तीन आहेत. ह्यांना खरंच दगडाला हात लावायचाय. कुणी काही लपवत नव्हतं, मला सांभाळत होते. चोरी पकडली असती तर बरं झालं असतं, ओरडता तरी आलं असतं.
रात्री ह्यांनी माझा गुडघा बघितला. म्हणाले, हे बाथरूमचं खरचटणं नाही. मग खरं सांगून टाकलं. सायकलवर सात फूट जाते, म्हटलं. वळता येत नाही. हे हसले नाहीत. त्याचाच जास्त राग आला.

२६ एप्रिल, शनिवार
वहीतलं हे पान फाडून फ्रिजला लावतेय. दोघांनी वाचावं. अनुजाला मराठी वाचता येत नसेल तर बापाने वाचून दाखवावं, मोठ्याने, बाल्कनीचं दार उघडं ठेवून.
दोनदा विचारून झालंय. तिसरं बाकी आहे. विचारायचं असेल तर दोघांनी समोर बसून विचारा, मोबाइल सरळ ठेवून. विचारायचं नसेल तर तसं तोंडावर सांगा, मी कुकर परत वर ठेवते. काय ते उत्तर मला गुरुवारी, १ मेला, संध्याकाळच्या चहाच्या आत पाहिजे.